कॅम्पर व्हॅनला कोणती बॅटरी घ्यावी? गाडी जळगावात उभी असते, हिवाळ्यात तोरणमाळला जातो, मग पावसाळ्यापर्यंत बंद.

भाऊ, घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी गाडीत टाकायचा विचार सोडा. १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) एक साधारण ५५-६० किलोची, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात अ‍ॅसिड हिंदकळतं. शिवाय लेड-अ‍ॅसिडची निम्मीच क्षमता वापरायची असते, नाहीतर आयुष्य घटतं. बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून तिला जपणारं सर्किट) असलेली १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या: वजन १२ किलोच्या आसपास, ८०-९० टक्के वापरता येते. महाग आहे, पण छोटा फ्रीज, पंखा, दिवे यांना एक रात्र आरामात पुरते. गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणारा जनरेटर) थेट चार्ज करू नका, मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे करंट-व्होल्टेज बॅटरीला सोसेल तेवढंच देणारा डबा, हवाच.

थंड देशांत लोक हिवाळ्यात बॅटरी गोठू नये म्हणून जपतात. आपला शत्रू मे महिना! पत्र्याच्या शेडमधल्या बंद गाडीत बॅटरी अक्षरशः भाजून निघते. ती काढून घरात सावलीत ठेवा. काढताना आधी मायनसची वायर सोडा. लिथियम अर्धी-पाऊण चार्ज करून ठेवा, फुल नको. लेड-अ‍ॅसिडचं उलटं: फुल चार्ज करूनच ठेवायची, महिन्याला व्होल्टेज बघायचं, १२.४ च्या खाली गेलं की लगेच चार्जिंग. पाणी डिस्टिल्डच घाला, आरओचं चालत नाही.

आणि हो, हिवाळ्यात लडाखला निघालात तर लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नका.