वर दोन पगार, खाली एकही नाही

"भावाकडे दोघंही कमावतात, आमच्याकडे दोघंही घरी." समुपदेशनात हे गाऱ्हाणं हल्ली फार ऐकते.

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर असलेले एक गृहस्थ (ओळखीचे तपशील बदललेत). वर्कशॉप बंद पडलं. बायको तिथल्याच कामगारांना डबे द्यायची, तेही त्याच दिवशी थांबलं. वरच्या मजल्यावर दादा महापालिकेत, वहिनी शिक्षिका.

"किराणा दादा भरतो हो मॅडम. पण जिन्यात त्याची चाहूल लागली की मी दार लावून घेतो."

"उठता कधी?"

"उठून करू काय?"

माझे काही सहकारी इथे मनातल्या विचारांपासून सुरुवात करतील. मी घड्याळापासून करते. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थालची गिरणी बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला, १९३३ साली तो प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ वाढला, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं होतं! पगारासोबत दिवसाची घडी आणि चारचौघांतली ऊठबसही जाते, हे याहोदांचं म्हणणं मला रोज पटतं.

एकदा बायकोलाही बोलावलं. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, "जाऊबाईंच्या फोनवर भरती कुठंय, डबे कुणाला हवेत, सगळं येतं. आमच्या फोनवर नुसतं शुभ सकाळ."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. आपण नालायक ठरलो असं तो धरून बसला होता. तिने एका वाक्यात खरी अडचण दाखवली. नोकरदारांच्या ओळखी नोकरदारांशी, लग्नंही बहुतेक त्यांच्यातच. त्यामुळे काम आहे त्याच घरात आणखी काम येतं. बाकीच्यांपर्यंत बातमीच पोचत नाही.

"किराणा घेता, मग ओळख का नाही मागत?"

"किराणा तो आपणहून देतो. ओळख मला मागावी लागेल."

इथून पुढे काम सोपं झालं. मागायचं तर नेमकं मागा. 'काहीतरी बघ' म्हटलं की समोरचा 'बघतो' म्हणतो आणि विसरतो. 'सेटर-कम-ऑपरेटर (मशीन लावणं आणि चालवणं दोन्ही), शिफ्ट कुठलीही चालेल' एवढं लिहून दादाला पाठवायला लावलं. बायकोने जाऊबाईंच्या शाळेत डबे सुरू केले, ते पोचवायला हे सकाळी बाहेर पडतात. नोकरी अजून नाही.

आणि दोन पगारांच्या घरातल्यांनो, धाकट्याचा किराणा भरताय, चांगलंच आहे. त्याचं नाव आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर कधी टाकलंत?