गॅरेज कट्टा : जिप्सीचे पाटे काढून मागे कॉइलओव्हर बसवू का?

प्रश्न : काका नमस्कार. माझ्याकडे जुनी जिप्सी आहे, 1300 वाली, बाबांनी घेतलेली. आमची बागायत सत्तरीत आहे, काजूच्या सीझनला गाडी रोज वर डोंगरात जाते आणि पावसाळ्यात आम्ही चार मित्र मिळून चिखलात पण घालतो. रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा बघून बघून डोक्यात बसलंय की मागचे पाटे काढून कस्टम कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच कॉइल स्प्रिंग चढवलेले, बसवायचे. एक जण 12 इंच ट्रॅव्हलचे, म्हणजे दांडा तेवढा आत-बाहेर होणारे, सेकंडहँड कॉइलओव्हर स्वस्तात देतोय. घेऊन ठेवू का? फिटिंग आमच्या इथला वेल्डिंगवाला करून देईन म्हणतो. – एक वाचक, वाळपई

उत्तर : बाबा, आधी ते घेऊ नकोस. कॉइलओव्हर ही ह्या कामातली शेवटची खरेदी, आणि बहुतेक पोरं तीच पहिली करतात, मग हातात असलेल्या शॉकअपच्या मापाने गाडी कापत बसतात.

पहिली गोष्ट नीट समजून घे. तुझ्या जिप्सीचा पाटा फक्त स्प्रिंग नाहीये. हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला ॲक्सलचा सांगाडा, पुढे-मागे जाऊ न देणं, डाव्या-उजव्या बाजूला सरकू न देणं, ॲक्सिलरेटर दिला की हाऊसिंगला पीळ बसतो तो अडवणं, ही सगळी कामं तोच पाटा करतो. यू बोल्ट सोडून पाटे बाहेर काढलेस की हाऊसिंगला धरणारं काहीच उरत नाही, आणि कॉइलओव्हर फक्त वजन उचलतो आणि उसळी आवरतो, तो हाऊसिंग धरत नाही. त्यामुळे तुला खरं काम करायचंय ते लिंकचं, म्हणजे हाऊसिंगला चेसिसशी बांधणाऱ्या दांड्यांचं. खाली दोन लिंक, वर दोन लिंक. वरच्या दोन तिरक्या घातल्या तर हाऊसिंग आडवं सरकत नाही, त्या दोघींमधला कोन 40 अंशांच्या खाली येऊ देऊ नकोस. जागा नसेल तर वरच्या सरळ घालून पॅनहार्ड रॉड, म्हणजे चेसिसपासून हाऊसिंगपर्यंत एक आडवा दांडा, द्यायचा, पण तो जितका लांब आणि जितका आडवा सपाट तितका बरा, आखूड आणि तिरका दिलास तर प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू एका अंगाला ढकलली जाईल. हाऊसिंगवर वरच्या आणि खालच्या लिंकमध्ये उंचीचं अंतर टायरच्या उंचीच्या चौथा हिस्सा तरी ठेव, म्हणजे 28 इंची टायर असेल तर 7 इंच. लिंकला सीमलेस पाईप, टोकाला चांगले जॉइंट, आणि प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी पत्र्यात धरलेला, एका बाजूने लटकलेला अजिबात नको.

आता स्प्रिंगचा हिशोब, कारण इथेच सगळे अंदाजाने चालतात. तुमच्या भागात खाणींमुळे वजनकाटे भरपूर आहेत, त्यातल्या एखाद्यावर गाडीची फक्त मागची चाकं चढवून वजन घे, टूल, स्टेपनी, टाकी भरून, जशी तू चालवतोस तशी. समज 480 किलो आलं. त्यातून हाऊसिंग, दोन चाकं वगैरे जे स्प्रिंगच्या खाली असतं ते समज 120 किलो वजा कर. राहिले 360, एका बाजूला 180, म्हणजे जवळजवळ 400 पाउंड. कॉइलओव्हरचे स्प्रिंग पाउंड पर इंचाच्या, म्हणजे एक इंच दबायला किती पाउंड लागतात त्या, मापात मिळतात म्हणून पाउंडात काढायचं. 12 इंचाचा शॉकअप उभ्या गाडीत निम्म्यावर बसायला हवा असेल, 6 इंच वर जायला 6 इंच खाली, तर 400 भागिले 6 म्हणजे साधारण 66 पाउंडाचा स्प्रिंग लागला. इतका मऊ स्प्रिंग एका तुकड्यात सहसा घालत नाहीत, तर वर 100 चा आणि खाली 200 चा असे दोन एकावर एक बसवतात. दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज, 20,000 भागिले 300, आले साधारण 66. जिप्सी हलकी गाडी आहे हे विसरून जड गाडीचे स्प्रिंग घातले की ती चिखलात चाक खाली सोडतच नाही, मग एवढा खर्च कशाला केला?

आणि शॉकअप तिरका लावला तर स्प्रिंग जास्त कडक घ्यावा लागतो. 20 अंश तिरका असला तर चाकाला 88 टक्केच जोर मिळतो, 30 ला 75 टक्के, 45 ला तर सरळ निम्मा. म्हणून आधी गाडीत जागा बघ, कोन ठरव, मग स्प्रिंग. 12 इंचाचा कॉइलओव्हर पूर्ण उघडला की 30 इंचाच्या पुढे जातो, तो जिप्सीत बसवायला मागचा पत्रा कापावा लागतो आणि दोन्ही चेसिसवरून वर एक आडवी पाईप घेऊन तिला माउंट द्यावा लागतो. बॉडीच्या पत्र्याला माउंट ठोकून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवूसुद्धा नकोस.

आता बागायतीचं. वर काढलेल्या 66 च्या स्प्रिंगवर 50 किलोची दोन पोती मागे टाकलीस तर मागची बाजू पावणेदोन इंच बसेल. चार पोती टाकलीस तर सव्वातीन इंच, आणि वर जायला उरले पावणेतीन इंच, पहिल्याच दगडाला बंप स्टॉपवर, म्हणजे हाऊसिंग वर येताना अडवणाऱ्या रबरावर, आपटणार. दोन स्प्रिंगच्या मध्ये जो स्लायडर असतो तो वरच्या रिंगला टेकला की फक्त खालचा 200 चा स्प्रिंग काम करतो, त्याने थोडं सांभाळून घेता येतं, पण रोज ओझं नेणाऱ्या गाडीचं ते काम नव्हे. वरची रिंग फिरवून गाडी उचलून धरायची ही पण लोकांची सवय आहे, त्याने उंची वाढते पण खाली सुटायचा ट्रॅव्हल तेवढाच कमी होतो. माझं स्पष्ट मत विचारशील तर, काजूची पोती ह्याच गाडीतून आणायची असतील तर पाटेच ठेव. पाटे नवीन करून घे, बुश बदल, शॅकल आणि शॉकअप चांगले टाक. चिखलासाठी वेगळी गाडी करणार असशील तरच कॉइलओव्हरच्या मागे लाग.

करायचंच ठरवलंस तर चेसिसपासून सुरुवात कर. माझ्या पहिल्या गाडीला मी हे काम एका गॅरेजमध्ये करून घेतलं, रंग न खरवडता वरच्या माउंटची वेल्डिंग मारली, दिसायला एकदम सुंदर. दुसऱ्याच ट्रिपला एका ओढ्यातून वर चढताना मागून कर्र असा आवाज आला आणि गाडी एका अंगावर बसली. खाली वाकून बघतो तर वेल्डिंग जशीच्या तशी, पण तिच्या भोवतालचा चेसिसचा पत्रा पत्र्याचा डबा उघडावा तसा फाटून वर आलेला, आणि आतून गंजाच्या खपल्या जांभ्याच्या चुऱ्यासारख्या गळत होत्या. त्या दिवसापासून मी आधी हातोडी घेतो. चेसिस मागून पुढपर्यंत ठोकत जा, चांगल्या पत्र्याचा टण्ण आवाज येतो, आतून खाल्लेला असला की थप्प बसका आवाज येतो, आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत अशी जागा हमखास सापडते. तेवढा तुकडा कापून नवीन पत्रा घालायचा, वर आतून-बाहेरून गसेट, म्हणजे मजबुतीचे तिकोनी पत्रे, द्यायचे, मग माउंट. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण काढून लांब ठेव, नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतल्या वाफा जास्त वाईट. बॅटरी सोड. हाऊसिंगवर लिंकचे ब्रॅकेट मारताना एका दमात वेल्डिंग ओढायची नाही, थोडी इथे थोडी समोरच्या बाजूला अशी थंड होऊ देत देत, नाहीतर हाऊसिंग वाकतं आणि मग चाकाच्या बेअरिंग आणि सीलचं कधी संपतच नाही.

सगळं आधी नुसतं टॅकवर, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांवर, जोड. स्प्रिंग काढून नुसता शॉकअप लाव, गाडी घोड्यांवर घे, एका चाकाखाली जॅक देऊन पूर्ण वर ने, दुसरं पूर्ण खाली सोड, मग उलट. टायर कुठे घासतो, सायलेन्सर लागतो का, ब्रेकचा होज ताणतो का, हे तेव्हाच दिसतं, होज लांब घ्यावाच लागेल हे धरून चाल. प्रोपेलर शाफ्टचा स्लाइड पूर्ण खाली सोडल्यावर बाहेर निसटत नाही ना ते बोटाने मोजून बघ, आणि हाऊसिंगचं तोंड ट्रान्सफर केसच्या बाहेरच्या शाफ्टला समांतर ठेव, नाहीतर शाफ्टच्या टोकाचे क्रॉस जॉइंट किती टाकशील तितके खाईल. वर जाताना बंप स्टॉप शॉकअपच्या आधी टेकला पाहिजे, खाली सुटताना चेसिस आणि हाऊसिंगला बांधलेला लिमिट पट्टा शॉकअपच्या आधी ताणला पाहिजे. पट्टा ओझ्याने थोडा लांबतो म्हणून तो जरा आखूडच घे. शॉकअपच्या टोकावर गाडी आपटू द्यायची नाही, एवढं पाळलंस तर शॉकअप वर्षानुवर्षं टिकतो.

सेकंडहँडचं बोलायचं तर शाफ्टवरून नख फिरवून बघ, नख अडकलं तर सोडून दे. बाहेर डबी नसलेला, तेल आणि नायट्रोजन एकत्र असलेला शॉकअप असेल तर बॉडी वर आणि शाफ्ट खाली असाच लावावा लागतो. नायट्रोजन 150 ते 200 पीएसआय भरतात, त्यासाठी रेग्युलेटरवाला सिलिंडर आणि माहीतगार माणूस बघ, टायरवाल्याकडे ते काम नको.

आणि रस्त्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीच्या मूळ मापात असा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2019 च्या जानेवारीत ते आणखी ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमावाला ह्याच मुद्द्यावर हात वर करू शकतो. अशी गाडी ट्रॉलीवरून ने, खासगी जागेत आणि स्पर्धेतच चालव. आणि म्हादई अभयारण्याच्या हद्दीत, ओढ्याच्या पात्रात परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, तिथलं पाणी आपण सगळे पितो.

प्रश्न : नमस्कार. 2020 नंतरची थार आहे, चोर्ला घाटातून आठवड्याला जाणं-येणं असतं. मागची बाजू ओल्या वळणावर उडते. मेकॅनिक म्हणतो मागे महागातले कॉइलओव्हर टाका. टाकू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्या गाडीला मागे पाटे नाहीतच, कंपनीनेच सॉलिड हाऊसिंग, लिंक आणि शॉकअपवर कॉइल अशी रचना दिलेली आहे. त्यामुळे वर लिहिलेली कापाकापी तुम्हाला लागू नाही, त्याच जागी दुसरे बसतात. पण त्याआधी टायरमधली हवा थंड असताना मोजा. मागे कायम ओझं नसताना लोक हवा जास्त ठेवतात आणि मग खड्ड्यावर मागची बाजू उडणारच. लिंकचे बुश पान्याने हलवून बघा, शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का बघा, टायरची नक्षी किती उरलीय बघा. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्यांचं काम हवा आणि टायरवरच झालंय. हे सगळं ठीक असूनही उडत असेल तर मग शॉकअप बदलायचा विचार करा, आणि उंची वाढवून देतो म्हणाले तर घाटासाठी नको म्हणा.

प्रश्न : कॉइलओव्हरच्या आट्यांवरची रिंग जाम झालीय, फिरतच नाही. घर मोरजीला, समुद्राजवळ. – एक वाचक

उत्तर : पाना लावून जोर करू नका, ॲल्युमिनियमच्या आट्या लगेच जातात. गाडी उचलून स्प्रिंगवरचं वजन आधी काढा, रिंगचा लॉक स्क्रू सैल झालाय ना ते बघा, आट्यांवर साधं पाणी आणि मऊ ब्रश मारून मीठ-वाळू काढा, मग गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी रिंग आधी थोडी खाली, मग वर, अशी हलवत सोडवायची. सुटली की आट्या पुसून कोरड्या करा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी अर्धा आटा इकडे-तिकडे फिरवून परत जागेवर आणत जा. शाफ्टच्या सीलवर प्रेशरचा फवारा मात्र मारू नका, नळाच्या पाण्यानेच धुवा.