ब्रिटनचा पंतप्रधान जनता थेट निवडते का? आणि राजा त्याला नकार देऊ शकतो का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं कागदोपत्री हो, प्रत्यक्षात नाही.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहते. ४ जुलै २०२४ ला इथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मतदान केंद्रावर क्लार्क म्हणून बसले होते. आपल्याकडे शिक्षकांना जुंपतात तसं इथे नाही. कुणीही अर्ज करावा, दिवसाचे पैसे मिळतात, फक्त त्या निवडणुकीत कुणाचा प्रचार केलेला नसावा. सकाळी सात ते रात्री दहा. ईव्हीएम नाही, शाई नाही. सवयीने बोट पुढे करणारे तरी भेटलेच. दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर फुली, पत्र्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या पेटीत टाका आणि घरी जा.

दुपारी एक गुजराती बा आल्या. ओळख म्हणून म्हातारपणाचा बसपास दाखवला. (तो चालतो. लंडनच्या कॉलेजच्या पोरांचा फोटोवाला पास मात्र चालत नाही. हा नियम करणाऱ्यांना म्हातारी मतं कुठे पडतात हे चांगलं ठाऊक होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.) मतपत्रिका घेऊन बा आडोशाला गेल्या आणि तशाच परत टेबलाशी. "आमां ऋषीनुं नाम क्यां छे?" मी केंद्राध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, या कागदावर जी नावं आहेत त्यातलंच एक निवडायचं. बा भडकल्या. "मग मी आले कशाला?"

तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचं नाव होतं, पण तिकडे यॉर्कशरमधल्या त्यांच्या मतदारसंघात. देशात ६५० मतदारसंघ, प्रत्येकात एक खासदार, सर्वांत जास्त मतं ज्याला तो निवडून आला. ज्याच्या मागे खासदारांचं बहुमत, त्याला राजा बोलावतो. मध्येच पक्षाने नेता बदलला तर पंतप्रधान बदलतो आणि जनतेला कुणी विचारत नाही. २०२२ मध्ये लिझ ट्रस ८१,३२६ पक्षसदस्यांच्या मतांवर पंतप्रधान झाल्या. दीड महिन्यात राजीनामा. मग सुनक आले ते तेवढ्याही मतांशिवाय, कारण समोरच्या उमेदवाराने माघार घेतली. दिवाळीच्या दिवशी आमच्या गल्लीत त्यावरून फटाके वाजले. ही यांची लोकशाही!

मतांचा हिशेबही बघा. २०२४ ला लेबर (मजूर) पक्षाला जेमतेम ३४ टक्के मतं आणि चारशेच्या वर जागा. रिफॉर्म या उजव्या पक्षाला १४ टक्के मतं आणि पाच जागा. आमचं लेस्टर ईस्ट मात्र उलटं वागलं. लेबरची देशभर लाट असताना इथे सुनक यांच्या हुजूर पक्षाच्या शिवानी राजा जिंकल्या, कारण लेबरचे दोन जुने खासदार लेबरविरुद्धच उभे राहिले, एक अपक्ष आणि एक छोट्या स्थानिक पक्षातर्फे, आणि मतं फुटली. सुमारे ३१ टक्क्यांवर जागा निघाली. आपल्याकडच्या बंडखोरीची सवय असलेल्यांना हे समजवावं लागत नाही.

राजाचं काय? ५ जुलैला सुनक बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन राजीनामा देऊन आले, पाठोपाठ लेबरचे नेते स्टार्मर गेले आणि पंतप्रधान होऊन बाहेर पडले. निकाल पहाटे, दुपारी नवा माणूस पंतप्रधानांच्या घरी, दहा डाउनिंग स्ट्रीटमध्ये. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला शेवटचा नकार राणी ॲनने दिला, १७०८ साली. संसदेच्या उद्घाटनाला राजा मुकुट घालून "माझं सरकार अमुक करील" असं वाचतो, पण तो कागद सरकारनेच लिहून दिलेला असतो. २०१९ ला तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणी एलिझाबेथने संसद तहकूब केली, तर सुप्रीम कोर्टाच्या अकराही न्यायमूर्तींनी ती तहकुबी बेकायदा ठरवली. राणी सल्ला मानायला बांधील, सल्ला देणारा मोकाट. मला विचाराल तर खरी भीती राजाची नाही, भक्कम बहुमतवाल्या पंतप्रधानाची आहे.

तरी राजा अगदीच शोभेचा नाही. त्याच्या मालमत्तेला किंवा अधिकारांना हात लावणारं विधेयक असेल तर संसदेत त्याची आगाऊ संमती घ्यावी लागते. आणि कुणालाच बहुमत नसेल तेव्हा काय करायचं हे संकेतांवर चालतं, कारण एका पुस्तकात बांधलेली राज्यघटना इथे नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. माझा पासपोर्ट भारतीय आहे आणि मी इथे मत देते. आमचे भाऊजी साताऱ्याहून दर गणपतीला ऐकवतात की हे शक्यच नाही, आणि शक्य असेल तर तू राजाची प्रजा झालीस. शक्य आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. स्टुडंट व्हिसावरची पोरंसुद्धा. केंद्रावर भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. तेव्हा इथे आलेल्या मराठी पोरांनो, नाव नोंदवा, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. फिरायला आलेल्या आईवडिलांची मात्र नोंदवू नका, राहणारे लागतात.

भाऊजींचा दुसरा मुद्दा, आपण इंग्रजांना भारतात मत देऊ देतो का? नाही देत. म्हणून मी माझं सोडून द्यावं? राजनिष्ठेची शपथ इथे खासदारांना घ्यावी लागते आणि नव्या नागरिकांना, नुसत्या मतदाराला नाही. आपलं नागरिकत्व दुसऱ्या देशाचं स्वतःहून घेतलं की जातं, तिथे फुली मारली म्हणून जात नाही. मी ते घेतलेलं नाही, भाऊजींना हवा तर पासपोर्टचा फोटो पाठवते.