पेडल स्टीलसमोर अनवाणी बसावे की बूट घालून?

प्रश्न : रेल्वेच्या नोकरीत असताना मी हवाईयन गिटार शिकलो आणि पुढे तीसेक वर्षे ती मांडीवर घेऊन वाजवली. गेल्या दिवाळीत जावयांनी अमेरिकेहून दहा तारांची पेडल स्टील गिटार आणून दिली. तिला तारांचे स्वर बदलण्यासाठी डाव्या पायाने दाबायची तीन पेडल आणि गुडघ्यांनी सरकवायचे चार लिव्हर आहेत. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करण्याचे वेगळे पेडल ठेवावे लागते. वाद्याजवळ पादत्राणे घालून बसायचे नाही, अशी लहानपणापासूनची सवय असल्याने मी अनवाणी बसतो. परंतु अर्ध्या-पाऊण तासात पेडलची कड डाव्या तळव्याला रुतू लागते. मुलाचे स्पोर्ट्स शूज घालून पाहिले, तर नको असलेले पेडल दाबले जाते. चामड्याची चप्पल टाचेशी हलते. नेमके काय घालावे? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपल्या संकोचाविषयी आधी लिहितो, कारण तो मलाही बराच काळ होता. मांडीवरच्या गिटारला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. या वाद्याला मात्र पाय लावल्याखेरीज त्याचा निम्मा गळा मोकळाच होत नाही. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गनही पायांनी भाता चालवूनच वाजत असे. मी माझ्यापुरती अशी तोड काढली की एक जोड केवळ वाद्यासाठी घ्यायचा आणि तो उंबऱ्याबाहेर कधीही न्यायचा नाही. यात सवयही सांभाळली जाते आणि, पुढे सांगतो त्याप्रमाणे, वादनाचाही फायदा होतो.

आपल्या वर्णनावरून वाद्याची जुळणी, म्हणजे तारा स्वरांत लावण्याची पद्धत, ‘ई-नाइन’ असावी. तिच्यात तीन पेडलांना ओळीने ए, बी आणि सी म्हणतात. तिच्यातील ई हा षड्ज मानला, तर ए पेडल पंचमाला धैवतावर नेते, बी पेडल गांधाराला शुद्ध मध्यमावर चढवते आणि सी पेडल षड्जाचा रिषभ व त्याच वेळी पंचमाचा धैवत करते. ए आणि बी एकत्र दाबले की सा-ग-पचे सा-म-ध होते. ही चाल या वाद्यावर पावलोपावली लागते आणि ती एकट्या डाव्या पायाने करायची असते : पाऊल दोन पेडलांच्या मधोमध टेकवायचे, टाच जमिनीवर ठेवायची आणि एकच पेडल हवे असेल तेव्हा घोटा त्या बाजूला कलवायचा. अशा वेळी बुटाची कड तिसऱ्या पेडलवर गेली, तर जागेवर राहायला हवा असलेला षड्ज रिषभाकडे सरकतो. एका लग्नातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला मी धावण्याचे जाड बूट घालून बसलो होतो. कडव्याच्या शेवटी सा-म-धवर थांबायचे होते आणि माझ्या बुटाची कड सी पेडलवर होती. गायिकेने मागे वळून ज्या नजरेने पाहिले, ती मला अजून आठवते. बूट दुसऱ्याच दिवशी पुतण्याला देऊन टाकले.

म्हणून पहिली कसोटी रुंदीची. स्पोर्ट्स शूजचा तळ पावलाच्या बाहेर दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. धावताना तोल सांभाळण्यासाठी तो उपयोगी पडत असला, तरी येथे तोच आडवा येतो. एक दोरा घेऊन ए पेडलच्या बाहेरच्या कडेपासून सी पेडलच्या जवळच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे, दोऱ्याला तेथे गाठ मारावी आणि तो दोरा दुकानात घेऊन जावा. चवड्याखाली बुटाचा तळ जेथे सर्वांत रुंद असतो, तेथील रुंदी त्या गाठीपेक्षा बोटभर तरी कमी भरायला हवी. मात्र ए आणि बी या दोन्हींवर पुरेसे टेकता येणार नाही, इतका अरुंद बूटही उपयोगाचा नाही. दुकानदार दोऱ्याकडे विचित्र नजरेने पाहील, त्याला इलाज नाही. पाय दिवसभरात थोडे फुगतात, त्यामुळे जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा भुसावळच्याच बाजारात जायचे असेल तर संध्याकाळी जावे.

दुसरी कसोटी तळाची आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. १९५४ साली गाजलेल्या एका अमेरिकन कंट्री गीतात पेडल स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले आणि स्वर ऐकणाऱ्याच्या कानासमोर चढत गेला, तेव्हापासून या वाद्यातील पायाचे काम बदलले. पेडल हे केवळ जुळणी बदलण्याचे साधन न राहता मींड काढण्याचे साधन झाले. आपण तीसेक वर्षे स्टीलच्या नळीने जी मींड डाव्या हाताने काढलीत, तिचा काही भाग आता पायाकडे येणार आहे. गांधारावरून मध्यमाकडे जाताना मध्येच किंचित रेंगाळायचे असेल, तर पेडल किती दबले आहे हे तळव्याला कळले पाहिजे. स्पंजचा मऊ तळ हा दाब आधी स्वतःच पिऊन टाकतो आणि मग उरलेला पेडलला देतो. उलट, अनवाणी पायाला सारे काही कळते, पण धातूची अरुंद कड तळव्याच्या मऊ भागात रुतते. आपली वेदना त्यामुळे आहे, वयामुळे नव्हे. तेव्हा तळ पातळ असावा, पण लिबलिबीत नसावा. चामड्याचा, किंवा चामड्याइतका ताठ रबराचा, साधारण करंगळीच्या निम्म्या जाडीचा तळ पुरेसा आहे.

या दोन्ही कसोट्यांवर उतरणारी आणि आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू म्हणजे साधा काळा, निमुळता, चामडी पंप शू. त्याची टाच बुटकी आणि टणक असते, त्यामुळे ती जमिनीवर रोवून पाऊल डावी-उजवीकडे फिरवणे सोपे जाते. तो पायात घट्ट बसणारा घ्यावा. सैल असेल तर आपल्या चप्पलेची गत होईल. चामड्याच्या चपलेचा तळ उत्तम असतो, परंतु टाच मोकळी राहते आणि तळाची कड अंगठ्यापलीकडे बाहेर येते. बुटाच्या शिवणीबाहेर कड आली असेल, तर बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती तासून घेता येते. दहा मिनिटांचे काम आहे. कमी खर्चात भागवायचे असेल तर शाळेतील मुलांचे कवायतीचे कॅनव्हासचे बूटही चालतात. त्यांचा तळ पातळ असतो, उन्हाळ्यात पाय फार घामेजत नाहीत, आणि उजव्या पायाखालच्या आवाजाच्या पेडलवर त्यांची पकड पंप शूपेक्षा चांगली बसते; डाव्या टाचेला फिरताना मात्र त्यांचे रबर थोडे अडते. एक उन्हाळाभर मी डाव्या पायात पंप शू आणि उजव्या पायात कॅनव्हासचा बूट घालून घरी वाजवले. वादन सुधारले, पण घरच्यांनी पाहुण्यांसमोर बसू दिले नाही.

नवरदेवाच्या मोजडीविषयीही कोणी सुचवील. तिचा तळ खरोखर योग्य असतो, पण टाचेला उंची नसते आणि वर वळलेले टोक पेडलखाली अडकते. अमेरिकन वादकांच्या छायाचित्रांत दिसणारे उंच बूट टाचेच्या आणि निमुळतेपणाच्या दृष्टीने चांगले असतात. मात्र त्यांची ताठ नळी घोट्याला कलू देत नाही, आणि भुसावळच्या मे महिन्यात ते पायात घालण्याचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही.

आपल्या घरी गुळगुळीत फरशी असेल, तर वाद्य आणि पाय दोन्हींखाली येईल अशी घट्ट विणीची सतरंजी अंथरावी. पेडल दाबताना वाद्य हळूहळू पुढे सरकत जाते आणि वादक स्वतःच्याही नकळत पाय लांब करत राहतो. पोटरी दुखण्याचे कारण कित्येकदा बुटात नसून त्यात असते.

प्रश्न : मी धुळ्यातील एका ऑर्केस्ट्रात पेडल स्टील वाजवतो. घरी रियाज अनवाणी करतो आणि कार्यक्रमात जाड तळाचे बूट घालतो. घरी जे गुडघ्याचे लिव्हर अचूक लागतात, ते कार्यक्रमात एक तर उशिरा लागतात किंवा आपोआप सरकतात. हा घाबरण्याचा परिणाम असेल का? – एक वाचक, धुळे

उत्तर : थोडाफार असेलही, परंतु पहिला संशय बुटांवर घ्यावा. बैठक तीच राहिली आणि तळाची जाडी तीन सेंटिमीटर वाढली, की गुडघा तेवढाच वर जातो. बाजूला सरकवायच्या लिव्हरवर मग मांडीचा वेगळाच भाग टेकतो, आणि वर उचलायचे लिव्हर असेल तर गुडघा न उचलताही ते दबू लागते. वाद्याचे पाय लांब करून ही उंची भरून काढता येते. पण त्याबरोबर पेडलच्या सळ्याही लांब कराव्या लागतात, आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी हा खटाटोप कोणी करत बसत नाही. रियाज आणि कार्यक्रम दोन्ही एकाच जोडीने करावेत. तीच जोडी पायात असताना बैठकीची आणि वाद्याची उंची एकदा ठरवून घ्यावी. पँटही फार जाड नसावी, आणि मोबाइल खिशातून काढून ठेवावा. मांडीवर उभा राहिलेला मोबाइल वर उचलायच्या लिव्हरला नेमका लागतो. जोडी कापडी पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवावी, म्हणजे कार्यक्रमाच्या गडबडीत ती घरी विसरणार नाही.