थिएटरमधलं रीळ जाऊन डिजिटल आलं, त्यानं प्रेक्षकाला खरंच काही फरक पडला का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: प्रेक्षकाला फरक पडला की ती नुसती निर्मात्यांची बचत होती, आणि केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरांचं पुढे काय झालं. मी परळ भागातल्या एका जुन्या सिंगल स्क्रीन थिएटरात ऑपरेटर होतो. रिळाची मशीनंही चालवली आणि सर्व्हरही, म्हणून सांगतो.

फरक पडला, आणि सगळ्यात जास्त पडला तो मुंबईबाहेरच्या प्रेक्षकाला.

फिल्म सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट धावते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म, हजार-हजार फुटांची चौदा रिळं. ती पत्र्याच्या डब्यांत आणि डबे पेटीत. अशी एक प्रिंट, म्हणजे थिएटरात लावायची प्रत, काढायची तर अर्ध्या लाखाच्या वर खर्च. घर गहाण टाकून सिनेमा काढणारा मराठी निर्माता किती प्रिंटा काढणार? ज्या काही निघायच्या त्या आधी मुंबई, पुणे, कोल्हापूरला लागायच्या. इथलं कलेक्शन आटलं की पेटी पुढे जिल्ह्याला, मग तालुक्याला. तिथं पोचेपर्यंत पडद्यावर पाऊस सुरू झालेला असायचा. उभ्या रेघा, डाग, आणि प्रत्येक तुटीला दोन-चार फ्रेम कापून केलेले जोड, त्यामुळे अर्धवट गिळलेले संवाद. लातूर-नांदेडकडच्या माणसानं पैसे तेवढेच मोजायचे आणि बघायचं ते आमचं उष्टं. त्यातही चोरीची सीडी बहुतेक वेळा पेटीच्या आधी गावात आलेली असे.

2005 च्या सुमारास युएफओ या कंपनीनं सॅटेलाइटवरून थेट थिएटरच्या सर्व्हरवर चित्रपट पाठवायला सुरुवात केली. चेन्नईच्या रिअल इमेजची क्यूब ही दुसरी मोठी यंत्रणा. दर नव्या पडद्यासाठी नवी प्रिंट काढायची गरज उरली नाही. शुक्रवारी दादरला जो सिनेमा लागतो तोच त्याच दिवशी तालुक्याच्या गावात, आणि पन्नासाव्या खेळालाही चित्रावर ओरखडा नाही. मराठी सिनेमा पहिल्याच दिवशी शेकडो पडद्यांवर लागू शकतो तो यामुळे. ही नुसती बचत म्हणणं मला पटत नाही. निर्मात्याचे पैसे वाचले हे खरं, पण गावातल्या प्रेक्षकाला पहिल्यांदाच पहिल्या दर्जाचा प्रेक्षक म्हणून वागवलं गेलं.

चित्राचं म्हणाल तर नवीकोरी प्रिंट आणि चांगला झेनॉन दिवा असेल, तर रिळावरचा काळा रंग आणि चेहऱ्याचे रंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. सुरुवातीची डिजिटल मशीनं त्याच्या जवळपासही नव्हती. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून ठरवलेले डिजिटल चित्राच्या दर्जाचे निकष, डीसीआय, याच 2005 साली आले, पण आपल्या बहुतेक सिंगल स्क्रीनला बसलेली मशीनं त्याहून स्वस्तातली, कमी दर्जाची होती. पुढे 2के, 4के ही जास्त बारकाईचं चित्र दाखवणारी मशीनं आली आणि ही तक्रार मिटली. आजही चित्र अंधूक दिसत असेल तर मॅनेजरला जाऊन जरूर सांगा. दिव्याचे तास संपलेले असतात आणि मालक बदलत नाही, हे तेव्हाही होतं, आजही आहे.

आता केबिनबद्दल. लोकांना वाटतं रीळ चढवलं आणि बटण दाबलं की झालं. आमच्याकडे दोन मशीनं होती. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचं. ऑपरेटर चांगला असेल तर पब्लिकला कळतही नसे. झेनॉनच्या आधी कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचे, तेव्हा तर डोळे दोन्हीकडे ठेवावे लागत, कारण कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं, ते सारखं जमवलं नाही तर पडदा पिवळा पडतो.

नवी पेटी आली की रीळ रिवाइंडरवर हळूहळू फिरवायचं, आणि फिल्मची कड अंगठा नि बोटाच्या चिमटीतून जाऊ द्यायची. फिल्म पुढे सरकवायला कडेनं भोकं असतात, त्यातलं फाटलेलं भोक बोटाला लागतं, डोळ्याला दिसायच्या आधी. तिथं थांबून कापायचं, टोकावरचा मसाल्याचा थर, ज्यात चित्र असतं तो, ब्लेडनं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून दाबून धरायचं. पुढे पॉलिएस्टरच्या प्रिंटा आल्या, त्यांना सिमेंट धरेना, मग टेप. माझ्या उस्तादांनी हे काम मला कुठलंही पुस्तक न दाखवता शिकवलं. त्यांच्या हातची जोड मशीनमधून जाताना आवाजसुद्धा करत नसे.

ते सगळं सर्व्हर आल्यावर गेलं. आता फाइल येते आणि तिच्याबरोबर किल्ली येते, म्हणजे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत सिनेमा उघडेल याची परवानगी. किल्ली आली नाही तर सिनेमा थिएटरात असूनही दाखवता येत नाही. आमच्याकडे एकदा खेळाची वेळ होऊन गेली, हॉल भरलेला, आणि आम्ही किल्लीसाठी फोन करत बसलो होतो. रीळ तुटलं असतं तर दोन मिनिटांत जोडलं असतं, इथं हात बांधलेले. शिवाय निर्मात्याला या यंत्रणांना दर पडद्यासाठी फी द्यावी लागते, व्हीपीएफ म्हणतात ती. त्या फीवरून मार्च 2018 मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे चित्रपट लावणंच थांबवलं होतं.

मला खरी काळजी आहे ती जुन्या फिल्मची. दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनला लागला, त्याची काही रिळं तरी आज बघता येतात. ‘आलम आरा’ 1931 साली आपल्याच गिरगावात मॅजेस्टिकला लागला, त्याची एकही प्रिंट उरलेली नाही. पुण्यात जानेवारी 2003 च्या आगीत नायट्रेटवरचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मवरचा, केवढा तरी ठेवा जळाला. डिजिटल आल्यावर लॅब बंद पडल्या, प्रिंटांना कोणी वाली उरला नाही. कित्येक भंगारात गेल्या, चांदी काढायला. ज्या उरल्या त्यांना मुंबईच्या दमट हवेत व्हिनेगरचा वास सुटतो. तो वास आला की समजायचं, फिल्म सडायला लागली. थंड, कोरड्या जागी ठेवलेली फिल्म शंभर वर्षं टिकते. हार्ड डिस्क मात्र दर काही वर्षांनी नवीन घेऊन सगळं उतरवून ठेवावं लागतं, आणि एवढा खर्च करायला किती मराठी निर्माते उरलेत?

ऑपरेटरांपैकी काही जण सर्व्हर शिकले आणि राहिले. वय झालेले घरी बसले. कोणी एसी दुरुस्तीत गेला, कोणी लिफ्टमन झाला. सर्व्हरला दोन माणसांची पाळी लागत नाही, त्यामुळे हेल्परची जागा तर सगळीकडेच गेली.

2014 साली मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन सुरू झालं. 2015 पासून ते जुनी फिल्म तपासायला, साफ करायला, जोडायला नव्या पोरांना शिकवतात. तुमच्या ओळखीत कोणी जुने ऑपरेटर असतील तर त्यांना हे जरूर सांगा. फाटलेलं भोक बोटानं ओळखणारी माणसं अजून लालबाग-परळच्या चाळींत आहेत आणि शिकवायला तयार आहेत.