निगेटिव्ह रिपोर्टची वाट बघत बसू नका

वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं, आदल्या दिवशी कोरोनाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला आणि तीन आठवडे झाले तरी ‘निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन या’ एवढंच सांगताहेत, हे तुमचं वाचलं आणि 2021 चा एप्रिल आठवला. मी डॉक्टर नाही, फाइल घेऊन फिरलेला माणूस आहे. शेवटचा शब्द सर्जनचाच.

बायॉप्सी, स्टेजिंग वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. आरटीपीसीआर, म्हणजे स्वॅबवर होणारी ती कोरोनाची टेस्ट, विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते. माणूस खडखडीत बरा झाला तरी ती कधीकधी 90 दिवसांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे तीच टेस्ट पुन्हापुन्हा करण्यात अर्थ नाही. लक्षणं सुरू झाली तो दिवस, नाहीतर पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टचा दिवस धरायचा आणि तिथून किती दिवस झाले ते मोजायचं. आमच्या वेळी एका हॉस्पिटलच्या खिडकीवर (नाव घेत नाही) हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. चार स्वॅब, चारही पॉझिटिव्ह, दरवेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’. खिडकीवरच्या माणसाकडे चेकलिस्ट असते. गाठ वाढतेय का, हा रकाना तिच्यात नसतो. आणि आम्ही मूर्खासारखे खिडकीशीच भांडत बसलो, सर्जनकडे गेलोच नाही. तुम्ही थेट त्यांना गाठा. ट्यूमर बोर्डात (वेगवेगळे कॅन्सरतज्ज्ञ एकत्र बसून केस ठरवतात ती बैठक) केस ठेवा म्हणावं आणि नवी तारीख केसपेपरवर लिहून घ्या. तारीख न देता पुढे ढकललेलं ऑपरेशन मी तरी रद्दच समजतो.

‘कोरोनाच्या लागणीनंतर सात आठवडे थांबा’ असंही कुणी सांगेल. हा आकडा ऑक्टोबर 2020 मधल्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातला. लागणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत महिन्याभरातले मृत्यू 4 टक्क्यांच्या आसपास, लागण न झालेल्यांत 1.5. पण तेव्हा लस नव्हती. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी हे सुधारलं: पहिले दोन आठवडे टाळा, पुढे वय, धाप, इतर आजार आणि थांबण्यातला धोका बघून ठरवा. हा शेवटचा धोका लहान नाही. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो, असं वेगवेगळ्या कॅन्सरांचं 2020 मधलं विश्लेषण सांगतं. ऐन लॉकडाऊनात, 23 मार्च ते 30 एप्रिल 2020, परळच्या टाटात कॅन्सरची 494 ठरलेली मोठी ऑपरेशनं झाली आणि त्यांत एकही रुग्ण दगावला नाही. त्यामुळे ‘साथ आहे, काही करता येत नाही’ हे मला पटत नाही.

दरम्यान घरी एक काम करा. गालाचा कॅन्सर मागे जबड्याच्या स्नायूंकडे सरकला की तोंड उघडेनासं होतं आणि तिथे पोचलेला रोग काढणं फार अवघड. दर रविवारी तोंड पूर्ण उघडायला लावून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. प्लॅस्टिकच्या पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, तेवढा भाग आधी कापून टाका, नाहीतर माप दरवेळी चुकतं. गुटखा खाणाऱ्याचं तोंड आधीच कमी उघडतं, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी नाही, त्यांच्याच पहिल्या मापाशी तुलना करा. 28 चं 22 झालं तर पुढच्या रविवारची वाट बघू नका.

सीटी स्कॅन महिन्याहून जुना झाला असेल तर नवा लागेल का, हे आजच विचारा. भूलतज्ज्ञांनी दिलेल्या फिटनेसच्या दाखल्याला आणि योजनेच्या किंवा विम्याच्या मंजुरीलाही मुदत असते. स्कॅनच्या फिल्मवर भागवू नका, सीडी मागा. ऑपरेशन लांबणारच असेल तर मधल्या काळात रोग आटोक्यात ठेवायला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या काही ठिकाणी देतात. ते ऑन्कॉलॉजिस्टनंच ठरवायचं; मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनानं सुरू करण्याचं औषध ते नव्हे.

आणि ते तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं असेल, तर बहुतेक जण त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं. नळी ओठांत घट्ट धरून हवा हळूहळू आत ओढायची आणि चेंडू वर धरून ठेवायचा. तोंड नीट उघडतंय तोवर सवय लावून घ्या.