शिवीला टाळी, पण विनोद कुठंय?

स्टँडअप, म्हणजे माईक घेऊन एकट्यानं केलेला विनोद. त्यावर गावोगावहून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

लातूर : लेनी ब्रूसला आजच्या स्टँडअपचा बाप म्हणतात. त्यानं एवढं केलं तरी काय?

धर्म, वर्णद्वेष, बाईपुरुषाचे संबंध, जे चारचौघांत बोलायचं नाही ते हा अमेरिकन गडी माईकवर बोलला. जन्म 1925 चा, सुरुवात साध्या नकलांपासून. 1961 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेच्या आरोपावरून धरला, पण सुटला. 1964 ला न्यूयॉर्कात मात्र अडकला. तिथला किस्सा ऐकण्यासारखा आहे. परवाना खात्याचा एक निरीक्षक प्रेक्षकांत बसून टिपणं काढून गेला आणि कोर्टात त्यानंच ती म्हणून दाखवली. ना थांबायची जागा, ना आवाजाचा चढउतार. लेनी वैतागला : कार्यक्रम पाडतोय हा, अन् आत जायचं मी! चार महिन्यांची शिक्षा लागली. अपिलात बाहेर होता, पण क्लबवाले त्याला उभं करीनात. मिळेल तिथं तो विनोद सोडून खटल्याचे कागद वाचत बसायचा. ऑगस्ट 1966 मध्ये मॉर्फिननं गेला, वय 40. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी माफी जाहीर केली, तोवर 2003 उजाडलं होतं.

परभणी : गॅदरिंगला शिव्या घातल्या की टाळ्या पडतात. म्हणजे जमलं ना, सर?

शिवी काढून तोच किस्सा सांगून बघ. हशा उरला तर जमलं. आपल्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. दोघं एकमेकांच्या धर्माचे वाभाडे काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. हद्द ओलांडणं म्हणतात ते हे. तुझ्या किश्शात मार कुणाला बसतोय? बापाला, प्राचार्याला, की शेवटच्या बाकावरच्या गरीब पोराला?

अंबाजोगाई : बोलीत करू की शुद्ध भाषेत?

बोलीतच. लक्ष्मण देशपांड्यांनी औरंगाबादेतून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे एकपात्री नाटक जगभर फिरवलं, ते काय पुस्तकी मराठीवर?

बीड : पुढाऱ्यावर बोललो तर केस होईल का?

होऊ शकते. मानहानी आहे, आणि धर्माला हात घातलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम 299, तीन वर्षांपर्यंत. त्यात हेतुपुरस्सर दुखावल्याचं सिद्ध करावं लागतं, पण तोवर तारखा तुम्हालाच. हल्ली निरीक्षकाची गरज नाही, वीस सेकंदांची कापलेली क्लिप पुरते. म्हणून अख्ख्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग स्वतःकडं ठेवा, आणि हॉल कुणाच्या मेव्हण्याचा आहे ते आधी विचारा.